कासारमावशीचा सौदा

आईवडिलांना सोडून माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मी एकच नाव घेतो: कासारमावशी. तिचे खरे नाव वेगळे होते. पण अमरावतीच्या बाजारात ते कोणी घेत नसे, म्हणून मीही इथे घेत नाही.

समोर येऊन बसलेल्या बाईचा हात ती आधी नुसता आपल्या हातात घ्यायची. अंगठ्याखालचा मांसल भाग दोन बोटांनी दाबून पाहायची आणि म्हणायची, "हात ढिला सोड वं माय. बाकी माह्यावर सोड." मग ती त्या हाताकडे पाहतसुद्धा नसे. ती बाईच्या तोंडाकडे पाही आणि सासूची चौकशी करी. सासूबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ असते. बाई सांगण्यात गुंतली की इकडे चार बांगड्या मनगटावर चढलेल्या असत.

तुम्ही म्हणाल, बांगड्या भरणारी बाई कोणी पाहिली नाही? खरे आहे. पण या धंद्याचा कायदा किती जणांना ठाऊक आहे? बांगडी हातावर चढत असताना तडकली, तर नुकसान कासाराचे. मनगटाच्या पार गेली की मग जे होईल ते बाईचे. आणि तडकली तरी "फुटली" हा शब्द काढायचा नाही, "वाढली" म्हणायचे. हात भरून झाले की देशमुखाची सून असो की मजुराची बायको, ती कासारमावशीच्या पाया पडे. मावशी तोंडभर आशीर्वाद देई आणि एक बांगडी आपल्याकडून वर घाली. मी दोन वर्षे तिच्या दुकानामागच्या खोलीत राहिलो. तिच्या हातून वाढलेल्या बांगड्या मी बोटांवर मोजू शकेन.

मी बाळापूरजवळच्या खेड्यातला. वडिलांची काळी कसदार जमीन होती, पण घरात अक्षर कोणाला येत नव्हते. बाळापूरची मराठी शाळा मी संपवली. पंतोजी वडिलांना म्हणाले, पोराला इंग्रजी शिकवा. अमरावतीत तेव्हा नुकताच इंग्रजीचा वर्ग निघाला होता. एक गाठोडे, दोन पुस्तके आणि आईने दिलेली चटणी घेऊन मी अमरावतीत आलो. तिथे कळले की राहायला जागाच नाही.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि इकडे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला होता. धर्मशाळेत कापूस, देवळाच्या ओवऱ्यांत कापूस. एका घरी मी खोली मागितली, तर मालकाने आतल्या बोऱ्या दाखवल्या आणि म्हणाला, "यायले बाहेर काढू का तुह्यासाठी?" असे सात-आठ दारी ऐकून मी एका ओट्यापाशी पाणी प्यायला थांबलो. तो मावशीचा ओटा.

"काय करतं रे?" तिने विचारले.

"इंग्रजी शिकायला आलो."

"जेवतं का नाई?"

"जेवतो."

"मंग राय."

एवढ्यात सगळे ठरले. मागच्या खोलीतल्या रिकाम्या टोपल्या एका कोपऱ्यात गेल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी राहू लागलो.

त्या वर्षांत बाजार रोज नवा दिसे. आधी सगळे उघडे ओटे होते; दुकानदार मांडी घालून बसे आणि माल त्याच्या डोक्यावर टांगलेला असे. आता काचेची दारे आली, हंड्याझुंबरे आली, माणूस पायापर्यंत दिसेल असे आरसे आले. शेतकरी गाडीभर कापूस घेऊन येत आणि जाताना छत्री, घड्याळ, चिनी मातीच्या बरण्या घेऊन जात. एका गृहस्थाने घड्याळ नेले आणि आठ दिवसांनी परत आणले. ते रात्री झोपू देत नाही, अशी त्याची तक्रार होती. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. आमच्या गल्लीतला शिंपी दलाल झाला, तेली दलाल झाला, आणि मावशीचे यजमान, ज्यांना मी काका म्हणत असे, तेही बांगड्यांचे गाठोडे खुंटीला लावून खामगावला दलाली करायला गेले. त्याआधी ते खेडोपाडी फिरून बांगड्या भरत.

"दुसऱ्याच्या कापसात हात घालाचा अन भाव सांगाचा," ते म्हणत. "पाय दुखत नाईत, गळा दुखत नाई."

"तुमाले बांगड्यायचा भाव सांगता येत नाई," मावशी म्हणे, "कापसाचा तुमाले कोन इचारते?"

मग रस्त्याच्या पलीकडे, बरोबर मावशीच्या समोर, मुंबईच्या एका गुजराती शेठने दुकान उघडले. काचेचे दार, आत खुर्च्या, आणि बाहेर पाटी: "एक भाव". घासाघीस नाही. हे आमच्या बाजाराला अगदी नवीन होते. त्या दुकानात बांगड्या कपाटात होत्या. डझनाच्या कागदी डब्या, आत रेशमी कापड आणि त्यावर चिनी काचेच्या झगझगीत बांगड्या. माप लहान असो की मोठे, भाव एकच. हातात भरून देणे वगैरे काही नाही. डबी घ्या आणि घरी जा.

दसऱ्याच्या सुमाराला दुकान उघडले आणि दिवाळीत मावशीच्या ओट्यावर बाई दिसेना. गावातल्या बाया शेठच्या डब्या नेऊ लागल्या, खेड्यांतले पुरुष कापूस विकून परस्पर डब्या घेऊन जाऊ लागले. मावशी सकाळी सगळ्या बांगड्या फडक्याने पुशी आणि संध्याकाळी पुन्हा पुशी. ओट्यासमोरून कोणी डबी लपवत जाऊ लागली तर हीच हाक मारून सांगे, "लपवतं कायले वं? घाल, घाल. शोभून दिसन."

दिवाळीला काका घरी आले. शेठला माल ठेवायला जागा हवी होती आणि मावशीचा ओटा त्याच्या डोळ्यांत भरला होता. काकांनी त्याच्याशी बोलणे करून ठेवले होते. ओटा देऊन टाकायचा आणि दोघांनी खामगावला जायचे.

मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. मावशीने हातातले फडके घडी करून ठेवले. मग म्हणाली, "संक्रांत होऊ द्या. संक्रांतीले बाया आल्या तं ओटा राहीन. नाई आल्या तं मी सोताच किल्ली नेऊन देतो."

काका खूश होऊन गेले. त्यांना संक्रांतीचे उत्तर आधीच ठाऊक होते. मलाही ते ठाऊक होते असे वाटत होते. ओटा गेला की खोली गेली, आणि खोली गेली की माझे इंग्रजी गेले. अमरावतीत मला दुसरे छप्पर नव्हते. मी दारात येऊन उभा राहिलो. मावशीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू आपलं वाच."

संक्रांतीला आठ दिवस राहिले असताना एक शेतकरी येऊन ओट्याच्या पायरीवर बसला. रिद्धपुराकडचा होता. पागोटे नवे, अंगरखा नवा, मांडीवर शेठच्या दुकानातली डबी, आणि चेहरा घरात कोणी आजारी असल्यासारखा.

"काहून बाप्पा," मावशी म्हणाली, "कापूस नाई इकला?"

"इकला. सोन्यावानी इकला."

"मंग?"

त्याने डबीवर हात फिरवला. "बायको बोलून नाई राहिली."

हळूहळू सगळे बाहेर आले. त्याने मोठ्या हौसेने डबी नेली. बायकोने बांगड्या घातल्या, त्या सरकन गेल्या. ती विहिरीवर गेली, दोर ओढायला हात खाली केला आणि चार बांगड्या विहिरीत. दुसऱ्या दिवशी दोन वरणात. तिसऱ्या दिवसापासून ती बोलेना. तो डबी बदलायला आला, तर दुकानातला गुमास्ता म्हणाला की विकलेला माल परत होत नाही.

"माप काय सांगतलं होतं?" मावशीने विचारले.

"माप कायचं, मावशे? तो म्हने, लहान बी त्याच भावात, मोठी बी त्याच भावात. मंग लहान कोन घेईन? जितं काच जास्त, तेच घेतली."

मावशीने पदराचे टोक तोंडाशी नेले. "गावात अजून कोनं घेतल्या?"

"समद्यायनं. पयले पाटलानं मोठ्या घेतल्या. मंग आमी काय पाटलापरीस कमी हावो?"

मावशी जी हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसून ती म्हणाली, "तुह्या बायकोचा हात कसा हाय?"

त्याने विचार केला. खरोखर मनापासून विचार केला. "बायायचा असते तसा."

"लगन होऊन किती वर्सं झाले?"

"बारा."

"बारा वर्सं त्या हातची भाकर खाऊन राहिला अन हात कसा हाय ते माहीत नाई," मावशी म्हणाली. "परवा तिले गाडीत घालून आन. अन गावातल्या समद्या बायायले सांग, डब्या घेऊन या. मावशीनं बलावलं म्हना."

तो गेल्यावर ती उठली. मला म्हणाली, "अंगरखा घाल. पागोटं घाल. शेठकडं जाचं हाय."

"मी काय बोलू?"

"काईच नको. नुसता सोबत राय. शिकेल मानूस संगं असला म्हनजे शेठ बसा म्हनते."

आणि झालेही तसेच. काचेचे दार ढकलून आम्ही आत गेलो, शेठने माझे पागोटे पाहिले आणि मला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदाच मी खुर्चीवर बसलो आणि पाय कुठे ठेवायचे ते मला कळेना. मावशी खाली सतरंजीवर बसली आणि तिथून तिने सगळे बोलणे चालवले.

"शेठ, लहान मापाच्या डब्या किती उरल्या?"

शेठ माणूस चांगला होता. खोटे बोलला नाही. त्याने नुसते कपाटाकडे बोट दाखवले. वरपासून खालपर्यंत भरलेले. "मोठा माप सगळा गेला, बाई. लहानला कोण हात लावत नाही. मुंबईला लिहून मोठा अजून मागवला आहे."

"नका मागवू," मावशी म्हणाली, आणि तिने त्याला विहीर, वरण, पाटील सगळे सांगितले. शेठ आधी हसला. मग हसायचा थांबला.

"परवा तठून गाड्या येऊन राहिल्या," मावशी म्हणाली. "एक गाव आलं म्हनजे बाकीचे गावं बी येतीन. बाया दाराशी उभ्या राहून डब्या दाखवतीन, मंग तुमचा एक भाव कोन इचारीन? माल तुमचा चांगला हाय शेठ, मी खोटं नाई बोलत. पन तुमाले हात माहीत नाईत. मले हात माहीत हायत."

मग तिने ठरवायला सुरुवात केली. लहान मापाच्या सगळ्या डब्या तिच्या ओट्यावर यायच्या. बायांच्या मोठ्या, धड असलेल्या बांगड्या ती बदलून घेईल आणि शेठला परत देईल. मोठ्या हातांच्या बायाही जगात आहेत, त्यांना ती शोधील. भरण्याची मजुरी तिची. आणि ओट्याचे नाव पुन्हा काढायचे नाही.

"ते सगळा कबूल," शेठ म्हणाला. "पण तुम्ही इथे बसा ना. मी गादी देतो."

"तुमच्या दारातून बाया आत येत नाईत. काचेत आपलंच रूप दिसते, मंग पदर सावरतात अन परत जातात. मी रोज समोरून पाहून राहिली ना."

शेठने दाराकडे पाहिले. मुंबईहून तेवढ्या लांब ते काचेचे दार बैलगाडीत गवत भरून आणले होते. मला त्याची दया आली. शेवटी तो "बरं" म्हणाला आणि मी खुर्चीवरून उठलो.

"बस," मावशी म्हणाली. "अजून एक हाय."

तिने माझ्याकडे बोट केले. "हा पोरगा. इथली इंग्रजी संपली का मुंबईले जाईन. मोठ्या शाळेत. तठी त्याचं कोनी नाई. तुमच्या घरी राहीन अन तुमच्या घरी जेवीन."

मुंबईचे नाव मी कधी तोंडातून काढले नव्हते. मनातही काढले नव्हते. आमच्या वर्गातल्या मास्तरांनी एकदा वर्गापुढे सांगितले होते की पुढे शिकायचे तर मुंबईला जावे लागते, आणि तेवढे मी जेवताना मावशीला सांगितले होते. गावात हत्ती आला होता असे सांगावे तसे.

शेठने मला खालून वरपर्यंत पाहिले. "हा तुमचा कोण, बाई?"

मावशीने माझ्या मनगटाकडे पाहिले. मग म्हणाली, "अजून हातावर चढून राहिला तो. मनगटाच्या पार नाई गेला. मधात काई झालं तं नुसकान माह्यं."

शेठला त्या धंद्याचा कायदा ठाऊक होता की नाही, मला माहीत नाही. पण तो एवढेच म्हणाला, "पाठवा."

बाहेर रस्त्यावर आलो तेव्हाही माझे तोंड उघडेच असावे. मावशी म्हणाली, "मिट ते. माशी जाईन."

ठरल्या दिवशी रिद्धपुराकडच्या गाड्या आल्या, आणि त्यांची बातमी लागून दुसऱ्या दिवशी आणखी गावांच्या आल्या. ओटा, पायऱ्या, रस्ता, सगळीकडे लुगडीच लुगडी. शेठ स्वतः छातीशी डब्या कवटाळून रस्ता ओलांडत होता आणि बाया त्याला "हिरव्या आन, लाल नको" म्हणून फर्मावत होत्या. पाटलीणबाईची गाडी सर्वांत मागून आली. सगळ्या गावाने ज्यांच्या बरोबरीसाठी मोठे माप नेले त्या पाटलीणबाई इतक्या बारीक निघाल्या की त्यांना कपाटातले सर्वांत लहान माप लागले. मावशीने त्यांचा हात धरला आणि गर्दीकडे पाहून म्हणाली, "घ्या. या हातापायी तुमी समद्या बुडाल्या." त्यावर पाटलीणबाईच सर्वांत मोठ्याने हसल्या.

भोगीच्या दिवशी काका खामगावहून आले. ओटा देण्याचा कागद लिहून आणला होता. पण त्यांना आपल्याच ओट्यापर्यंत पोचता येईना. एका म्हातारीने त्यांना हटकले, "बाप्या मानसाचं इथं काय काम हाय?" ते समोर शेठच्या पायरीवर जाऊन बसले. तासाभराने मावशीने ओट्यावरूनच ओरडून सांगितले, "बसून काय राहिले? बायायले पानी पाजा." त्यांनी पाणी पाजले. दुपारी मी पाहिले तर ते पायरीच्या एका कडेला बसून एका आजीचा हात धरून होते आणि आपल्या जुन्या गाठोड्यातल्या बांगड्या तिला भरत होते. तो कागद पुढे कोणी पाहिला नाही. काका खामगावला परत गेले नाहीत.

अमेरिकेतली लढाई संपली, कापूस उतरला. झुंबरे विकणारे आले तसे गेले. शिंप्याने पुन्हा सुई हातात घेतली. शेठचे दुकान राहिले, पण त्याने ते काचेचे दार काढून टाकले आणि पुढे मावशीच्या ओट्यासारखाच एक ओटा बांधून घेतला. मी मुंबईला गेलो तेव्हा आमच्या भागात आगगाडी आली होती. स्टेशनापर्यंत मावशी बैलगाडीने आली, पण इंजिन पाहिल्यावर तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. गाडी सुटली तरी ती इंजिनाकडेच पाहत होती.

मावशी जाऊन आता बरीच वर्षे झाली. अमरावतीला जातो तेव्हा मी त्या रस्त्याने जातो; ओट्यावर काकांचा पुतण्या आणि त्याची बायको बसतात. मावशी गेल्यावर काकांनी मला एक कागद आणून दिला. घड्यांवर तो फाटला होता आणि मागून खळ लावून चिकटवला होता. मावशीला वाचता येत नसे. पण दुकानात कोणी शिकलेला दिसला की ती त्याच्याकडून हे पत्र वाचून घेई, असे काका म्हणाले. पत्र माझेच होते. जसे आहे तसे खाली देतो.

तीर्थस्वरूप मावशी यांसी बालकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

जो कोणी हे पत्र वाचून दाखवील त्याने सावकाश वाचावे.

मी बी. ए. ची परीक्षा पास झालो. ही शेवटची परीक्षा. अजून किती राहिल्या असे आता विचारू नये. मला अकोल्याच्या शाळेत नेमले आहे. बाबांना वेगळे पत्र घातले आहे; ते त्यांना वाचून दाखवणारा गावात कोणी नाही, म्हणून ते बहुधा बाळापूरला चालत जातील.

शेठजींनी आपला शब्द पुरा पाळला. राहायला खिडकीची खोली दिली. घरातली सगळी मला भाऊ म्हणतात. आजारी पडलो तेव्हा शेठजींच्या आई उशाशी बसल्या. मुंबईत मला काही कमी पडले नाही.

एक गोष्ट मात्र इतकी वर्षे लिहिली नव्हती, ती आता लिहितो. यांच्या घरी वरणात गूळ घालतात. पहिल्या दिवशी मला वाटले चुकून पडला. दुसऱ्या दिवशी वाटले सण असेल. रोजच असतो हे समजायला मला आठ दिवस लागले. त्या दिवशी शेठजींपुढे तुम्ही राहण्याचे ठरवले, जेवण्याचे ठरवले, वरणाचे तेवढे ठरवायचे राहून गेले. पण सौदा तुमचा होता. म्हणून मी दोन्ही वेळा वाटी पुसून खाल्ली, आणि त्या माउलीने मला ते आवडते असे समजून रोज आणखी वाढले.

येत्या रविवारी दुपारी मी तुमच्याकडे पोचतो. ज्वारीची भाकर, तुरीचे साधे वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा करावा. दोन भाकरी जास्त टाकाव्या. घरात गूळ असला तर तेवढा वेळ शेजारी नेऊन ठेवावा.